वाचायला जड जाणाऱ्या पोरांसाठी गावचं वाचनालय काय काय करू शकतं

गोव्यात वाचनालयांचा तुटवडा नाही. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात पार १८३२ सालची, नावेलीला फ्रान्सिस्को लुईस गोमिश जिल्हा ग्रंथालय, त्याखाली तालुक्यांतली सरकारी वाचनालयं, आणि मग गावोगाव पंचायतीच्या वरच्या माळ्यावर नाहीतर देवळाजवळच्या मंडळाच्या खोलीत चालणारी छोटी वाचनालयं. मी हे लिहितेय ते मुख्यतः या शेवटच्यांसाठी, कारण मी स्वतः अशाच एका ठिकाणी संध्याकाळी बसते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायची ही अशी अडचण, हा शब्द निघाला की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, ते स्पेशल टीचरचं काम, आमच्याकडे ना फंड ना स्टाफ. पण खरं सांगू का, या मुलांसाठी जे करायचं त्यातलं बरंचसं फुकटात होतं, आणि वाचनालयाकडे एक गोष्ट आहे जी शाळेकडे नाही, इथे मार्क नाहीत. कोणी पास होत नाही, कोणी नापास होत नाही. मुलाला वाचायला शिकवणं हे आपलं काम नाहीच, ते शिकवणारे वेगळे. आपलं काम एवढंच की ते शिकेपर्यंत त्याचा पुस्तकावर राग बसू द्यायचा नाही.

आधी पोराकडे नीट बघा

डिस्लेक्सिया म्हणजे डोळे खराब नव्हेत, डोकं कमी नव्हे आणि आळस तर अजिबात नव्हे. ऐकलेला आवाज आणि छापलेलं अक्षर यांची जोडणी मेंदूत पटकन होत नाही, म्हणून प्रत्येक शब्दाला जास्त जोर लावावा लागतो आणि अर्ध्या पानात पोर थकतं. बऱ्याचदा घरात आणखी कोणाला तरी हाच त्रास असतो, बापाला किंवा काकाला, फक्त त्यांच्या वेळी त्याला कोणी नाव दिलं नव्हतं, ‘शाळेत लक्ष नव्हतं’ एवढ्यावर विषय संपला. याच घराण्यातले बाकीचे प्रकार म्हणजे लिहायला जड जाणं (डिसग्राफिया) आणि आकड्यांचा गोंधळ (डिसकॅल्क्युलिया), आणि एका जागी लक्ष न टिकणारी एडीएचडीवाली पोरंही बऱ्याचदा याच रांगेत सापडतात.

आपली देवनागरी या मुलांना वेगळ्या तऱ्हेने छळते, इंग्लिशमधल्या बी-डीच्या गोष्टी वाचून आपल्याला ते कळत नाही. ‘चित्र’ हा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते पण तोंडाने च आधी म्हणायचा. ‘सूर्य’मधला र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसलाय पण म्हणायचा य च्या आधी, आणि ‘चक्र’मधला तोच र क च्या पायाशी, तो मात्र क च्या नंतर. त्यात घ-ध, भ-म, ब-व अशा जोड्या, ख आणि रव सारखे दिसणारे, आणि वरच्या रेषेमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं. एकदा हे लक्षात आलं की पोर ‘घर’ला ‘धर’ म्हणालं तर हसू येत नाही.

आणि आपल्या गोव्याचं आणखी एक त्रांगडं आहे. घरात कोंकणी, प्रायमरीला मराठी मिडियम, आणि पाचवीला गेल्यावर बहुतेक शाळांत सगळे विषय इंग्लिशमधून. त्यामुळे कितीतरी पोरांचा त्रास पाचवीत बाहेर येतो आणि घरी-शाळेत सगळे म्हणतात मिडियम बदललं म्हणून होतंय, होईल हळूहळू. काहींचं खरंच तेवढंच असतं. पण ज्याला मराठीतही चौथीपर्यंत जोडाक्षरं धड वाचता येत नव्हती, त्याचं खापर इंग्लिशवर फोडण्यात वर्ष जातं. वाचनालयात बसणाऱ्याला हा फरक दिसू शकतो, कारण ते पोर आपल्याकडे दोन्ही भाषांची पुस्तकं हाताळतं.

दिसतं कसं? आमच्याकडे एक सहावीतला मुलगा यायचा, कायम कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक घ्यायचा, दुसऱ्या दिवशी परत आणायचा, वाचलं का विचारलं तर ‘हो’, आणि गोष्ट सांग म्हटलं तर कव्हरवरच्या चित्रावरूनच एक गोष्ट रचून सांगायचा, ती पण मस्त. काही पोरं फक्त चित्रं बघतात आणि कोणी जवळ आलं की पान उलटतात. काही ओळीखाली बोट ठेवूनही दुसऱ्याच ओळीवर जातात. फॉर्म भरायचा आला की पाणी प्यायला जाणारीही असतात. हे सगळं फक्त बघायचं, डोक्यात ठेवायचं. तुम्ही डॉक्टर नाही, तुम्ही कोणाला ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असं सांगायचं नाही, त्याच्या आईला तर नाहीच आणि मदतनीस बाईंना गप्पांत तर मुळीच नाही, गावात बातमी किती वेगाने फिरते ते तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्या दिवशी

मेंबरशिपचा फॉर्म तुम्ही भरा, मुलाला फक्त विचारत जा. ‘कितवीत आहेस’ विचारून त्या इयत्तेचं पुस्तक हातात देऊ नका, त्याऐवजी ‘तुला काय आवडतं’ विचारा, आणि उत्तर फुटबॉल आलं तर फुटबॉल, साप आलं तर साप, कदंबच्या (आपल्या सरकारी) बसगाड्या आलं तर तेही ठीक, शोधायचं आपण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘बाबू, जरा वाचून दाखव बघू’ हे वाक्य वाचनालयातून हद्दपार करा. कोणी पाहुणे आले, पंच आले, फोटो काढायचाय, काहीही असो. चारचौघांत मोठ्याने वाचायला लावलेलं पोर परत येत नाही, ही गोष्ट मी पैज लावून सांगते.

दंडाचं बघा. या मुलांना एक पुस्तक संपवायला इतरांच्या तिप्पट वेळ लागू शकतो, आणि वस्तू विसरणं, तारीख विसरणं हेही त्याच बरोबर येतं. सात दिवसांचा नियम असेल तर लहान मुलांसाठी सरसकट तीन आठवडे करा, दंड काढून टाका. सरसकट अशासाठी की एकट्यालाच सवलत दिली की बाकीची पोरं लगेच विचारतात ‘त्याला का?’

कपाट

आपल्याकडे पुस्तकं कुलूपबंद काचेच्या कपाटात असतात आणि किल्ली एका माणसाकडे. कणा बाहेर, कण्यावर बारीक उभी अक्षरं, ज्याला वाचायला त्रास त्याने निवडायचं कसं? निदान एक खण उघडा ठेवा आणि पुस्तकं तोंड बाहेर करून मांडा, कव्हर दिसेल अशी. वीस पुस्तकं पुरेत, दर पंधरा दिवसांनी बदला. पावसाळ्यात उघड्या खणातल्या पुस्तकांना बुरशी धरते ही तक्रार खरी आहे, जूनमध्ये तो खण भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पुस्तकं मधून मधून चाळत राहा, मुलं चाळतील तर आणखीनच बरं.

जगभरच्या ग्रंथालयांची जी संघटना आहे इफ्ला, तिने डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांसाठी ग्रंथालयांनी काय करावं याच्या गाइडलाइन्स २००१ मध्ये काढल्या आणि २०१४ मध्ये सुधारून परत काढल्या. त्यात सोप्या वाचनाची पुस्तकं सहज सापडतील अशी एकत्र ठेवा असं आहे, आणि स्वीडनमध्ये बऱ्याच वाचनालयांत मुलांसाठी ‘सफरचंदाचा खण’ असतो, वेगळ्या गरजांच्या मुलांची पुस्तकं त्यात. मला त्यातलं सफरचंद फार आवडलं, कारण त्यावर ‘विशेष मुलांसाठी’ असं लिहिलेलं नाही. आम्ही आमच्या खणाला काजूचं चित्र चिकटवलं. सगळी पोरं काजूच्या खणातली पुस्तकं घेतात, हुशार म्हणून मिरवणारी पण, आणि म्हणूनच ज्याला गरज आहे त्यालाही तिथे हात घालायला लाज वाटत नाही.

काय ठेवायचं त्यात? मोठा टाइप, छोट्या ओळी, पानापानावर चित्र, एका पानावर थोडा मजकूर, हे तर झालंच. पण वयाचं भान ठेवा. बारा वर्षांच्या पोराला सशाची गोष्ट दिली तर तो अपमान समजतो आणि बरोबर समजतो. त्याला सोप्या भाषेतलं पण मोठ्यांच्या विषयाचं पाहिजे: कॉमिक्स, विक्रम, प्राणी, खेळाडू, मशीन कसं चालतं, भुताच्या गोष्टी. बजेट नसेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर पुस्तकं आहेत, कोंकणीतही आहेत, वाचनाच्या लेव्हलप्रमाणे लावलेली, आणि लायसन्स खुलं असल्यामुळे प्रिंट काढून स्टेपल करून खणात ठेवायला कोणाची परवानगी नको.

पाठीवरच्या नंबरांवरून पुस्तक शोधायला लावू नका, ३९६ आणि ३६९ मध्ये घोटाळा करणाऱ्या मुलाला ती शिक्षाच आहे. रंगाची पट्टी आणि चित्र, झालं काम.

तुम्ही स्वतः जे छापता ते

नोटीस, उन्हाळी शिबिराचं पत्रक, स्टोरीवीव्हरचे प्रिंट. इथे इंग्लिश सल्ले जसेच्या तसे उचलू नका. इंग्लिशमध्ये सांगतात की अक्षरांमधलं अंतर वाढवा, इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात त्याने वाचन सुधारलेलं दिसलंही होतं. पण मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसायला लागतो, उलट जास्त त्रास. आपण दोन शब्दांमधली जागा वाढवायची आणि दोन ओळींमधली जागा वाढवायची. अक्षराचा साइज १६ ते १८, कारण काना-मात्रा-उकार धरून आपलं अक्षर त्याच साइजच्या इंग्लिशपेक्षा लहान दिसतं. मुक्ता नाहीतर नोटो सान्स देवनागरीसारखा सरळसोट फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत. डाव्या बाजूला सरळ, उजवीकडे कशीही संपू दे ओळ, दोन्हीकडून ओढून बसवली की मधे भगदाडं पडतात. कागद चकचकीत नको, जरा पिवळसर असला तर बरा.

डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट आणि रंगीत प्लास्टिकची पारदर्शक पानं विकणारे भेटतील. त्यांच्या फायद्याचा पुरावा कच्चा आहे, एखाद्या मुलाला निळं पान ठेवून बरं वाटत असेल तर ठेवू दे बापडा, पण वाचनालयाचे पैसे त्यात घालू नका. त्याऐवजी जुन्या कार्डशीटच्या पट्ट्या कापा, वीतभर लांब, दोन बोटं रुंद, वाचताना ओळीखाली सरकवायला. टेबलावर डब्यात ठेवून द्या, मागावी लागता कामा नये.

कानाने वाचणं

हा भाग मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त विरोधही इथेच होतो. ‘ऐकून काय होतं, वाचायला नको का?’ असं म्हणणारे शिक्षक, पालक, कमिटीतले काका, सगळे भेटतात. पण दहा वर्षांच्या पोराचं डोकं दहा वर्षांचं असतं, वाचन फक्त सात वर्षांचं. त्याने ऐकलं नाही तर शब्द, गोष्टी, माहिती, सगळ्यातच तो मागे पडत जातो आणि मग तो खरंच ‘ढ’ वाटायला लागतो. ऐकता ऐकता डोळ्यांसमोर तेच पान असेल तर आणखी उत्तम.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे कमिटीला सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ दिव्यांगता आहेत त्यांत डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन, छापील मजकूर वाचता न येणाऱ्या दिव्यांगांसाठी त्यांना वापरता येईल अशा रूपात, म्हणजे ऑडिओ धरून, पुस्तक नफा न घेता तयार करायला मुभा मिळाली. यावर जागतिक करार झाला तो २०१३ चा माराकेशचा, आणि त्याला मंजुरी देणारा पहिला देश आपला भारत, २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचायला अडचण असलेल्यांसाठीच, बऱ्याच भारतीय भाषांतल्या पुस्तकांचं, मुलाचं रजिस्ट्रेशन करून द्यायला मदत करा.

पण खरी मजा स्वतः रेकॉर्ड करण्यात आहे. आपल्या गावात आवाजांची काय कमी? जत्रेला, काल्याला नाटक करणारे प्रत्येक वाड्यावर दोन-चार निघतात, आणि रिटायर्ड मास्तर तर आहेतच. फोन पुरतो. पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, पाऊस पत्र्यावर पडत असेल तर त्या दिवशी सोडून द्या. एका प्रकरणाची एक फाइल. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, आणि प्रत्येक पान बदलताना ‘पान सात’ असं स्पष्ट म्हणायचं म्हणजे ऐकणारं पोर हरवत नाही. नाटकवाल्यांना एकच सांगायला लागतं, जरा हळू, आणि प्रत्येक पात्राला वेगळा गळा काढायची गरज नाही. (ते ऐकत नाहीत, आणि मुलांना तेच आवडतं, त्यामुळे मी आता बोलत नाही.) कॉपीराइटवाल्या पुस्तकाचं रेकॉर्डिंग त्या गरज असलेल्या मुलांपुरतंच ठेवायचं, वाचनालयाच्या फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, कायद्याची सवलत तेवढ्यापुरतीच आहे. स्टोरीवीव्हरच्या पुस्तकांना ही अडचण नाही.

दोन हेडफोन घ्या, कानावर बसणारे, स्वस्तातले चालतील. अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवायची सोय आत असतेच, मराठी आवाज एकदा डाउनलोड करून ठेवा. आवाज यंत्राचा वाटतो पण इंटरनेटवरची माहिती वाचायला पुरतो.

नाटकाची तालीम

दुसरी एक गोष्ट आपल्या हातात आयती आहे. तोच मजकूर परत परत वाचल्याने वाचनाला वेग येतो, हे या विषयातले लोक केव्हापासून सांगतायत, पण पोराला तेच पान पाचव्यांदा वाच म्हटलं तर ते कंटाळणारच. नाटकाच्या तालमीत मात्र तेच पान वीसदा वाचायची कोणाला लाज नाही, मोठे नटही तेच करतात आणि अडले की प्रॉम्प्टर आहे. म्हणून सुट्टीत छोट्या प्रवेशाची तालीम घ्या. हातात कागद, प्रत्येकाचे संवाद वेगळ्या रंगाने रंगवलेले, आधी तुम्ही पूर्ण वाचून दाखवा, मग सगळ्यांनी एकत्र, मग जोडीने. ज्याला जड जातं त्याला छोटे पण टाळ्या घेणारे संवाद द्या. आमच्याकडची एक मुलगी, शाळेत वाचताना घाम फुटायचा तिला, तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच्या चुका सांगायला लागली, ‘इथे “पण” आहे, तू “आणि” म्हणालास.’ कागदाकडे बघून सांगत होती. पाठांतर असेल थोडं, असू दे की.

चुळबुळणाऱ्यांचं

वाचनालयात शांतता पाहिजे हे मान्य, पण एक कोपरा असा ठेवा जिथे खाली चटईवर लोळून, उभं राहून, पाय हलवत वाचलं तरी कोणी शुक शुक करणार नाही. गोष्टीचा कार्यक्रम वीस मिनिटांच्या वर नेऊ नका. आज काय काय होणार ते सुरुवातीला फळ्यावर चित्रांनी काढा. बस, एवढंच.

आईबाबांशी बोलताना

तुम्हाला सतत काही दिसत असेल तर आईला एकटीला गाठून, पोर आसपास नसताना, जे दिसलं तेवढंच सांगा. ‘त्याला गोष्टी फार छान कळतात, पण वाचताना खूप दमतो, एकदा दाखवून घ्याल का?’ आधी डोळे आणि कान तपासायला सांगा, कधीकधी चष्म्यावरच भागतं. मग शाळेतल्या रिसोर्स टीचरना, म्हणजे अशा मुलांना मदत करणाऱ्या शिक्षकांना, भेटायचं. गोव्यात मुलांच्या विकासाच्या अडचणींसाठी सेतू ही संस्था आहे, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि आयपीएचबी (सरकारी मानसोपचार संस्था) आहे. सरकारी नियमांत ही तपासणी साधारण तिसरीपासून, ८ वर्षांच्या आसपास धरलेली आहे, त्यामुळे पहिलीतल्या पोराला सर्टिफिकेट का मिळत नाही म्हणून भांडू नका, पण त्याला मदत तर आजपासून करता येते. सर्टिफिकेट असलं की बोर्डाच्या परीक्षेला जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात, त्याचा अर्ज दहावीच्या तोंडावर नाही, आधीच करायचा. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून टेबलावर ठेवा, विचारायला लाजणारे पालक तो उचलून नेतात.

आणि आईला एक वाक्य नक्की सांगा, घरी रोज रात्री तुम्ही वाचून दाखवा, पोर चौदा वर्षांचं असलं तरी. तिला स्वतःला वाचायला येत नसेल तर पेन ड्राइव्ह द्या.

माणसं आणि पैसे

पणजीत बुकवर्म २००५ पासून मुलांसाठी वाचनालय चालवतंय, शाळांत आणि गावांत पुस्तकं घेऊन जातात, तिथे जाऊन अर्धा दिवस नुसतं बघून या की मुलांशी कसं बोलतात. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हापासून निदान पंचायतीत ‘दिव्यांगांसाठी’ म्हटलं की कान टवकारतात, त्याचा फायदा घ्या, हेडफोन आणि प्रिंटरच्या शाईचा खर्च मागून टाका. मागताना मुलांची नावं द्यायची नाहीत, फोटो तर नाहीच.

रजिस्टरमध्ये किती मुलं आली आणि किती पुस्तकं गेली एवढंच लिहायची आपली पद्धत आहे. त्यात एक रकाना वाढवा, कुठलं पुस्तक कोणी परत मागितलं. एकच पुस्तक एखादं पोर चौथ्यांदा नेतंय म्हणून ‘दुसरं घे ना’ म्हणून मागे लागू नका, आणि ते पुस्तक फाटलं की त्याची दुसरी प्रत आधी मागवा.